रिपेअर बोर्ड

‘कृपया पिंप भरल्यावर नळ वेळेवर बंद करावा, पाणी सांडून’ इथपर्यंत मी चाळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपसाठी नोटीस टाईप केली होती, आणि ‘सांडून’मधला न उमटतो न उमटतो तोच माझ्या उजव्या कोपराने आल्याचा, दोन चमचे साखरेचा, नुकताच गाळलेला अख्खा कप लॅपटॉपच्या कीबोर्डावर आडवा केला. हे मी रंगवून सांगत नाही. रंगवून सांगायचं असतं तर मी स्वतःला एवढ्या वाईट जागी बसवलं नसतं.

वाईट जागा म्हणजे पिंप. आमची चाळ परळची, भोईवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची, 1940 च्या आधी बांधलेली, म्हणजे सरकारदरबारी ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत. चाळीत राहणाऱ्या आम्हा कोणालाच जन्मात ‘अ’ वर्ग मिळालेला नसल्यामुळे आम्ही या गोष्टीचा अभिमान बाळगतो. खोली 180 चौरस फुटांची. त्यात मी, बायको, कन्या, कपाट, देव्हारा, फ्रीज, शिलाई मशीन आणि मोरीशेजारी 200 लिटरचं निळं पिंप. या पिंपावर फळी टाकून मी लॅपटॉप ठेवतो आणि समोर स्टुलावर बसतो, त्याला घरात ‘बाबांचं ऑफिस’ म्हणतात. सकाळी पाणी आलं की ऑफिस उचलून कॉटवर, पिंप भरलं की ऑफिस पुन्हा जागेवर. बायकोने या ऑफिसला एकच नियम घालून दिला होता: पिंपावर एक तर लॅपटॉप, नाही तर चहा. नियम अगदी साधा होता. म्हणून तर मी तो कधी मनावर घेतला नाही.

आता अशा वेळी काय करायचं ते हल्ली शाळकरी पोरांनाही माहीत असतं. चार्जरची पिन ओढायची, पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करायचं, ते तंबूसारखं पालथं उभं करायचं आणि मग हात मागे बांधून गप्प बसायचं. यातलं मी काहीही केलं नाही. मी हाताला लागलं ते फडकं घेतलं. ते तव्याचं होतं. त्या तेलकट फडक्याने मी कीबोर्ड असा काही घासला, की घासता घासता बटणं दाबली जाऊन चार-दोन अक्षरं आपोआप उमटली, एंटरही दाबलं गेलं, आणि 42 बिऱ्हाडांच्या ग्रुपवर सेक्रेटरीच्या, म्हणजे माझ्या, नावाने ‘पाणी सांडूनसससमममवववव’ अशी नोटीस रवाना झाली. तळमजल्यावरच्या तात्यांनी तिला लगेच अंगठा दिला.

मग मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि आमची आजी सुपात तांदूळ पाखडायची तसा पाखडला. आजीच्या पाखडण्याने खडे वेगळे व्हायचे. माझ्या पाखडण्याने बटणांखाली साचलेला चहा बिजागरीतून स्क्रीनमध्ये चढला आणि तिथे कोकणपट्टीच्या नकाशासारखा एक लांबट डाग पडला. रत्नागिरीच्या आसपास तो जरा जास्त गडद होता. मग कन्येचा हेअर ड्रायर काढला, तो सगळ्यात गरम वाऱ्यावर लावला, आणि बाहेर यायच्या बेतात असलेला उरलासुरला चहा त्या वाऱ्याने परत आत ढकलून दिला. खोलीभर उतू गेलेल्या दुधाचा वास सुटला. मधल्या मध्ये लॅपटॉप आपला आपण बंद झाला होता, आणि दिवे गेले की आपण उगाच बटण दोनदा वरखाली करून बघतो ना, त्या सवयीने मी त्याचं पॉवरचं बटण दाबून बघितलं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा पंखा फुरफुरला. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा दिवा लागून विझला. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा आतून ‘टिक’ असा बारीक आवाज आला, माझ्या गुडघ्यातून येतो तसा, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

“बाबा, पॉवर दाबू नका हं!” कन्या मोरीतून ओरडली.

“नाही दाबत,” मी म्हणालो. दाबण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

केस पुसत बाहेर आल्यावर तिने मला जे समजावलं ते मला 20 मिनिटं आधी कळलं असतं तर हा लेख झाला नसता. यंत्र नुसतं भिजल्याने सहसा मरत नाही. ओलं असताना आपण त्यात करंट सोडतो, त्याने मरतं. करंट आणि ओल एकत्र आली की बोर्डावरच्या तांब्याच्या केसाएवढ्या रेघा झिजायला लागतात, नको तिथे शॉर्ट होतं. त्यात साधं पाणी परवडलं. चहात दूध, साखर, क्षार, सगळंच. तो सुकला तरी साखरेचा चिकट थर मागे राहतो आणि तो थर हवेतली ओल धरून ठेवतो. आणि परळचा जुलै. आमच्याकडे जुलैत पापड कुरकुरीत राहत नाहीत, माचिस पेटत नाही, तिथे चहा प्यायलेल्या लॅपटॉपची काय कथा.

“तुम्ही बिनसाखरेचा पीत असता तर,” बायको म्हणाली, “डायबेटीसलाही बरं पडलं असतं आणि बोर्डालाही.”

दुपारपर्यंत माणसं भेटायला येऊ लागली. ग्रुपवरच्या त्या ‘सससमममवववव’मुळे अर्ध्या चाळीला मला अर्धांगाचा झटका आल्याचं वाटलं होतं, लॅपटॉप गेल्याचं कळल्यावर त्यांचे चेहरे सैल झाले, आणि काहींचे तर, मला तेव्हा वाटलं, जरा उजळलेच. प्रत्येक जण दारात उभा राहून तेच विचारी: “सगळं गेलं का हो आतलं? हिशेबबिशेब?” मी म्हणे, हो, बहुतेक गेलं. “अरेरे,” असं म्हणून माणूस समाधानाने जाई. मी भारावून गेलो. पंपाची आणि जिन्यातल्या दिव्यांची वर्गणी महिना 200 रुपये, तिचा 2019 पासूनचा सगळा हिशेब त्या लॅपटॉपात होता, आणि माझ्या त्या कष्टांची लोकांना एवढी जाण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तांदळात पुरून ठेवा. “कुठल्या तांदळात?” बायकोने विचारलं. “माझा वर्षाचा कोलम आहे. त्यात हे चहाचं धूड घालून मग तो भात खायचा कोणी?” तेवढ्यात तात्या स्वतः तीन किलो रेशनचा तांदूळ पिशवीत घेऊन वर आले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तात्या सात वर्षांत आमच्या मजल्यावर आले नव्हते. मी त्यांना खुर्ची दिली, त्यांनी लॅपटॉपाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “फार ओढाताण करू नका सेक्रेटरी. गेलेल्याला जाऊ द्यावं.” तांदूळ आतलं पाणी ओढून घेतो ही नुसती समजूत आहे, उघड्यावर पंख्याखाली ठेवलेलं यंत्र जेवढं सुकतं त्याहून तांदळात काही जास्त सुकत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी दोन दिवस त्या रेशनच्या तांदळाची पूड यंत्राच्या भोकाभोकांत भरली. यूएसबीच्या भोकात एक अख्खा दाणा अडकला, तो सुईने काढायला गेलो. तो आत गेला.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. स्पेसबारच्या डाव्या अंगाने आत आणि एंटरपाशी बाहेर, एकेरी वाहतूक, हिंदमाताच्या चौकात कधी दिसत नाही अशी शिस्त. दहाव्याला कावळा शिवतो म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्यालाच मुंग्या शिवल्या.

तर हे असं झाल्यावर डॉक्टर गाठणं भाग होतं. आता परळ म्हणजे इस्पितळांचं गाव. 1926 पासून केईएम, 1941 पासून टाटा, पोरांसाठी वाडिया, आणि माणसांचंच कशाला, गुरांघोड्यांसाठीसुद्धा बैलघोडा हॉस्पिटल आहे. नळाखाली सापडलेली मांजराची पिल्लं घेऊन मी स्वतः तिथे जाऊन आलोय. फक्त लॅपटॉप भरती करून घेणारं कोणी नाही. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर लोअर परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या टॉवरात निघालं.

ती गिरणी मी ओळखतो. माझे वडील तिथे साचेखात्यात 11 वर्षं बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं; कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी नाव पुकारलं जायचं, नाही पुकारलं तर डबा घेऊन घरी. अखेर ते कायम झाले, आणि मग 1982 चा संप आला. त्याच आवारात मी आता हातात टोकन धरून, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन, नाव पुकारायची वाट बघत बसलो होतो. फरक एवढाच की एसी होता.

टाय लावलेल्या पोराने मागचं झाकण काढलं आणि मला एक तांदळाच्या दाण्याएवढी लाल चिकटपट्टी दाखवली. माझा जीव वरखाली झाला. मला तो तात्यांचा दाणाच वाटला. ती पट्टी मुळात पांढरी असते, ओल लागली की लाल होते आणि वॉरंटी संपते, असं त्याने सांगितलं. मी आवाज शक्य तितका निरागस करून म्हटलं, “परळला हवा फार दमट असते हो. पावसाळ्यात भिंतींनासुद्धा ओल येते.” त्याने लॅपटॉप नाकाजवळ नेला.

“सर,” तो अदबीने म्हणाला, “ओल आल्याची आहे.”

मग त्याने एस्टिमेट काढलं. मदरबोर्ड बदलावा लागेल, 27,500. कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरच्या सगळ्या पत्र्यासकट बदलावा लागेल, 8,200. बॅटरीत चहा गेला असेल तर धोका नको, ती बदलावी लागेल, 5,600. झाले 41,300, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 48,734 रुपये. हा लॅपटॉप मी नवा कोरा 46,000 ला घेतला होता. घरी चिवडा करायचा म्हणून पोहे, दाणे, खोबरं, काजू, तेल असं सगळं आणून मग हिशेब केला की तो लालबागच्या चिवडा गल्लीतल्या तयार चिवड्यापेक्षा महाग पडतो, तसलाच हा प्रकार. फक्त इथे चिवडाही मिळणार नव्हता, त्यातलं स्क्रीन जुनंच राहणार होतं, कोकणपट्टीसकट.

“रिपेअर नाही का होत?” मी विचारलं.

“आम्ही रिपेअर करत नाही सर. बदलतो.”

बदली हा शब्द त्या आवारात अजून चालतो याचं मला बरं वाटलं. मी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घरी आणला.

त्या रात्री मी मोबाईलवर पुष्कळ वाचन केलं. फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचा गुणांक छापावा लागतो, दहापैकी किती, म्हणजे घेतानाच कळतं की हे बिघडलं तर उघडेल की नाही. आपल्याकडे ग्राहक खात्याने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. वाचता वाचता माझ्यातला नागरिक जागा झाला. वस्तू माझी, पैसे माझे, मग उघडायची का नाही? असा गुणांक नवऱ्यांवरही छापत असते तर बायकोने मला कधीच घेतलं नसतं, पण तो विचार मला तेव्हा सुचला नाही. मी कन्येच्या चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

खालचे 11 स्क्रू मी काढले, आणि ते हरवू नयेत म्हणून, बघा मी किती सावध माणूस आहे, एका वाटीत ठेवले. वाटी ओट्यावर रिकामी पडली होती. ती मिसळणाच्या डब्यातली जिऱ्याची वाटी होती आणि धुऊन सुकत ठेवली होती, हे मला कोण सांगणार? मी आत डोकावून बघण्यात गुंग असताना बायकोने मागून येऊन, टीव्हीवर नजर ठेवून, तिच्यात बरणीतलं जिरं ओतलं आणि डबा लावून टाकला. पुढला दीड तास आम्ही तिघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जिरं निवडत बसलो. नऊ स्क्रू निघाले. दहावा रात्री आमटीत निघाला. अकराव्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

आतलं दृश्य बघून मात्र माझी बोलती बंद झाली. हिरव्या बोर्डावर एका कोपऱ्यात, घासायची राहिलेल्या पितळी समईवर चढतो तसा, पांढुरका-हिरवा थर आला होता, आणि त्यात एक मुंगी चिकटून मेली होती. कीबोर्डाचं म्हणाल तर तो वरच्या पत्र्याला प्लॅस्टिकच्या पन्नाससाठ बारीक टाचण्या वितळवून जाम करून टाकलेला. तो काढायचा तर टाचण्या तोडायच्या, नवा बसवायचा तर पुन्हा वितळवायच्या. मी उलथन्याचं टोक घालून एक टाचणी तोडून बघितली. एक पुरे झाली.

मग कन्या म्हणाली, बाबा, लॅमिंग्टन रोड. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदारसुद्धा विचारात पडतात. प्रभादेवीहून, म्हणजे आमच्या एल्फिन्स्टनहून, स्लो गाडीने ग्रँट रोडला उतरलो आणि ‘चिप लेव्हल रिपेअर’ अशी पाटी शोधत शोधत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर चढलो. ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी जागा, त्यात एक विशीतला पोरगा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. त्याने बोर्ड हातात घेतला, उलटसुलट केला.

“किसीने खोला है क्या?”

“मैंने,” मी म्हणालो.

“हां,” तो म्हणाला, “वो दिखता है.” आणि चिमट्याने जिऱ्याचा एक दाणा काढून टेबलावर ठेवला.

पण पुढे त्याने जे केलं ते बघण्यासाठी मी ते जाण्यायेण्याचं भाडं पुन्हा देईन. त्याने आधी ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो हिरवा थर घासून काढला, बोर्ड एका छोट्या टबात बुडवून गुणगुणणाऱ्या ध्वनिलहरींनी धुतला, वाळवला. मग मीटरचं टोक टेकवलं, मीटर वाजलं. “शॉर्ट मार रहा है.” कुठे? बोर्डावर शेकडो कण, साखरेच्या दाण्याहून लहान. तेव्हा त्याने अख्ख्या कोपऱ्यावर अल्कोहोल शिंपडलं, सगळं ओलंचिंब केलं, आणि एका यंत्रातून बेताबेताने करंट सोडला. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. जिथे शॉर्ट असतो तो कण तापतो, आणि ओल आधी तिथलीच उडते. दोनतीन सेकंदांत त्या ओलसर चकाकीत मोहरीएवढं एक कोरडं भोक पडलं. “वो देखो अंकल. जहां सूखा, वहीं बीमारी.” मी तीन दिवस आणि तीन किलो तांदूळ खर्चून जे सुकवू शकलो नव्हतो, ते त्याने पुन्हा ओलं करून पकडलं होतं.

बोर्डाचे 2,800 सांगितले. कीबोर्ड कॉपी 2,400, ओरिजिनल 4,500, आणि दोन्ही एकाच खोक्यातून काढून दाखवले. बॅटरी फुगलेली नाही, चालवा. गॅरंटीचं विचारल्यावर तो हसला. “बोर्ड चला तो चला अंकल. दो महीना, दो साल, क्या पता. चाय का मामला है.” जाता जाता त्याने च्युइंगमच्या पट्टीएवढी एसएसडी काढून 650 रुपयांच्या डबीत बसवली आणि आपल्या कॉम्प्युटरला लावली. ‘चाळ हिशेब’ नावाचं फोल्डर उघडलं. 42 नावं, 2019 पासून, एकही आकडा न हलता. चहा तिथवर पोचलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, 2,800 आणि 48,734 यांत ठरवायचं काय? इथेच तुम्ही मला ओळखत नाही. मी पोराला म्हटलं, कळवतो, आणि घरी येऊन वहीत दोन रकाने आखले. दुरुस्त केला आणि दोन महिन्यांत गेला तर 2,800 वाया. नवा घेतला आणि जुना दोन वर्षं चालला असता असं निघालं तर 50,000 वाया. बोर्ड केला आणि कीबोर्ड नाही केला तर? कीबोर्ड केला आणि मग बोर्ड गेला तर? पाच दिवस मी रकाने वाढवत होतो. बायकोने सहाव्या दिवशी मिक्सर टेबलावर आणून ठेवला. हा मिक्सर लग्नातला. त्याचे कार्बन ब्रश तीनदा बदललेत, भांड्याचं पातं दोनदा, खालचा कपलर कितीदा ते तिलाही आठवत नाही. “याचा निर्णय मी कधीच घेतला नाही,” ती म्हणाली. “जे मोडेल ते तेवढं नीट करायचं. आणि एक सांगू का? अख्ख्या चाळीत संमतीपत्रं घेऊन सह्या मागत फिरता, तुमची स्वतःची सही कुठे आहे?”

हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो. आमच्या चाळीच्या सज्जाला 2017 पासून सागवानी टेकू लागलेले आहेत. म्हाडाचं इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ, 1969 च्या कायद्यातून जन्मलेलं, ज्याला आम्ही प्रेमाने रिपेअर बोर्ड म्हणतो, त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यायची की बिल्डरकडून नवी इमारत, यावर आमच्या बैठका चाललेल्या. नव्या इमारतीसाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. 42 बिऱ्हाडांत 22 सह्या. गेली चार वर्षं आमच्याकडे बरोबर 21 आहेत. बाविसावी कोणाची राहिली ते मी प्रत्येक बैठकीत गंभीर चेहऱ्याने विचारतो.

त्या बोलण्याने मी इतका पेटलो की तडक कॉमन गॅलरीत जाऊन पोराला फोन लावला. गॅलरीत रेंज येते, पण गाड्यांच्या आवाजामुळे ओरडावं लागतं. “हां, बोर्ड रिपेअर करके डालो!” मी ओरडलो. “बदलने का नहीं! पैसा मैं देता हूं, कॅश! पावती नहीं चाहिए!”

फोन ठेवून वळलो तर तिन्ही मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती.

संध्याकाळी सातला आमच्या 180 फुटांत 19 माणसं होती, उरलेली जिन्यात. सेक्रेटरीने रिपेअर बोर्डाला रोखीने फोडलं आणि रिडेव्हलपमेंटचा गळा घोटला, असा ठराव भेळेच्या गाडीपर्यंत पोचला होता. मी हात जोडून सांगितलं की बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. कोणाचा विश्वास बसेना. कन्येने पुरावा म्हणून जिऱ्याचा दाणा दाखवला. शेवटी मंडळी थोडी शांत झाली, आणि वातावरण निवळावं म्हणून मी उत्साहाने म्हणालो, “आणि आनंदाची बातमी म्हणजे हिशेब अगदी सुखरूप आहे! 2019 पासूनची प्रत्येकाची थकबाकी पैशापैशाने शाबूत आहे!”

खोलीत जी शांतता पसरली ती मी चाळीत फक्त कोणी गेल्यावर अनुभवली आहे. काकूंनी पदराने कपाळ टिपलं. तात्या काही न बोलता उठले, दारापाशी थांबले आणि म्हणाले, “माझा तांदूळ तेवढा परत द्या.”

चार दिवसांनी लॅपटॉप घरी आला. कीबोर्डावर मी पैसे घातले नव्हते, पोरगा म्हणाला होता, “एकाध बटन जाएगा, बाकी चलेगा.” गेलं ते एकच बटण. पण इनस्क्रिप्टमध्ये डीच्या बटणावर हलन्त असतो, आणि माझा नेमका तोच गेला. हलन्त नाही म्हणजे जोडाक्षर नाही. पहिलीच्या पुस्तकातल्यासारखं मराठी लिहून मी थकबाकीची नोटीस काढली, तिची प्रिंट नाक्यावरून आणली आणि जिन्यातल्या फळ्यावर चिकटवली: ‘सरव रहिवाशांना नमर विनंती. वरगणी तवरित भरावी.’ खाली नावं, सगळ्यात वर तळमजला: ‘तातया, 74 महिने, 14,800 रुपये.’

तात्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. “तातया नावाचा कोणी इसम तळमजल्यावर राहत नाही,” त्यांनी जाहीर केलं. “ही नोटीस मला लागू नाही.” बाकीच्यांनीही आपापली नावं तपासली. ज्यांच्या नावात जोडाक्षर होतं ते सगळे सुटले.

मी रात्री पिंपासमोर बसून नावं जोडाक्षराशिवाय कशी फोडता येतील ते बघत होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. तात्या तिसऱ्यांदा वर आले होते, त्या गुडघ्यांनी, दोन जिने चढून, आणि वाटेत एक थेंब न सांडता. फार प्रेमाने त्यांनी हातातला पेला लॅपटॉपाला अगदी खेटून फळीवर ठेवला, माझ्या उजव्या हाताशी.

“आल्याचा आहे, सेक्रेटरी,” ते म्हणाले. “साखर जरा जास्त घातलीय.”